पाठीवरचें बिऱ्हाड

‘विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपल्याकडे कोणी कोणाच्या कौतुकासाठीं उच्चारीत नाहीं. ज्याचें बूड एका जागीं स्थिर नाहीं, ज्याला दर वर्षीं नवी भाड्याची खोली शोधावी लागते, अशा माणसाविषयींची थोडी कींव आणि बराचसा उपहास या म्हणींत सांठविलेला आहे. घर म्हणजे चौथरा, घर म्हणजे उंबरठा, घर म्हणजे परसांतली तुळस आणि तिच्याभोंवतालची झिजलेली फरशी, अशी आपली समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. तथापि याच महाराष्ट्रांत पावसाळा सरला कीं घाटमाथ्यावरचा धनगर मेंढरें घेऊन कोंकणांत उतरतो, सारा संसार घोड्याच्या पाठीवर लादतो, आणि सांजेला ज्या उघड्या माळावर त्याचा मुक्काम पडतो त्या तळालाहि तो ‘वाडा’च म्हणतो. पुण्यांतल्या चिरेबंदी इमारतीला जो शब्द, तोच या चार दिवसांच्या मुक्कामाला! भाषेनें या दोहोंत भेद केला नाहीं. तो आपण करितों.

हा विचार मला सुचला तो महाराष्ट्रापासून फार दूर, अमेरिकेंतील ओहायो राज्यांत, एका मोडकळीस आलेल्या गाडीघराखालीं उताणा पडून गंजलेला बोल्ट सोडवीत असतांना. गाडीघर हा शब्द मीं सोयीसाठीं वापरीत आहें; येथें त्याला ट्रेलर म्हणतात. मोटारीच्या मागें जोडून ओढून न्यावयाचें हें चाकांवरचें घर. निजायला दोन बिछाने, स्वयंपाकाला शेगडी, हात धुवायला नळ, आणि चार माणसांनीं गुडघ्याला गुडघा लावून बसावें एवढें मेज. अमेरिकेंत अशा जुन्या गाड्या हुडकून त्यांना पुन्हां रस्त्यावर आणण्याचें वेड पुष्कळांना आहे, आणि निवृत्तीनंतर तें आमच्याहि घरांत शिरलें.

या गाड्यांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. ज्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें त्या ‘एअरस्ट्रीम’ गाड्यांचा जनक वॉली बायम (१८९६–१९६२) हा ऑरेगॉन राज्यांत जन्मला, आणि लहानपणीं मेंढरें राखीत असतांना मेंढपाळाच्या छोट्या गाडींत राहिलेला होता. म्हणजे येथेंहि मुळाशीं धनगरच! परंतु गाडीला तिचें रुपेरी रूप दिलें तें हॉली बोलस या ग्लायडर बांधणाऱ्या कारागिरानें. १९२७ सालीं लिंडबर्गनें ज्या विमानांतून एकट्यानें अटलांटिक महासागर ओलांडला, त्याच्या बांधणीवर देखरेख करणारा तो हाच. विमानाचें अंग कसें हलकें आणि तरीहि बळकट ठेवावें हें त्याला ठाऊक होतें. तीच विद्या त्यानें १९३४ त आपल्या ‘रोड चीफ’ गाडीला लाविली, आणि त्या घडणीचा धागा उचलून बायमनें १९३६ त ‘क्लिपर’ बाजारांत आणिली. अ‍ॅल्युमिनियमच्या फासळ्या, त्यांवर बाहेरून एक पत्रा, आंतून दुसरा, आणि हें सारें हजारों रिव्हेटांनीं एकजीव केलेलें. १९६९ सालीं चंद्रावरून परतलेल्या तिघां वीरांनीं तेथील एखादा रोगजंतु बरोबर आणला असेल या शंकेनें त्यांना कांहीं दिवस वेगळें ठेविलें, तेंहि अशाच एका फेरफार केलेल्या गाडींत. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनीं त्यांचें स्वागत केलें तें तिच्या खिडकीच्या कांचेंतून. पृथ्वीवर परतल्यावर त्या तिघांचें पहिलें बिऱ्हाड पडलें तें असें.

आमचें गाडीघर अशाच घडणीचें, १९६४ सालीं बांधलेलें, बावीस फूट लांबीचें. एका शेतकऱ्याच्या कोठारामागें तें वीस वर्षांहून अधिक काळ उभें होतें. चाकें मातींत रुतलेलीं, खिडक्यांवर शेवाळ, आणि दार उघडतांच उंदरांच्या वस्तीचा उग्र दर्प. असल्या वस्तूवर पैसे खर्चावयाचे कशाला, असें आमच्या मुलांनीं विचारलें. त्याचें उत्तर माझ्या पत्नीपाशीं होतें. तिनें तीस वर्षें येथील एका रुग्णालयांत रात्रपाळी केली. दिवसाची झोंप आणि रात्रीचे दिवे यांतच तिचें या देशांतलें आयुष्य गेलें. निवृत्त झाल्यावर ती मला म्हणाली, “अहो, तीस वर्षांत मीं या देशांत पाहिलें काय, तर दवाखान्याची गाड्या ठेवायची जागा आणि आपल्या घराचें परसूं. आतां गुडघे आहेत तोंवर जरा हिंडूं या.” गुडघे आहेत तोंवर, हे शब्द तिनें हंसत उच्चारले, पण संधिवातानें हे दिवस मोजकेच ठेविले आहेत हें आम्हां दोघांनाहि ठाऊक होतें. हॉटेलांतल्या परक्या अंथरुणावर तिला झोंप येत नाहीं, आणि नवें गाडीघर आमच्या निवृत्तिवेतनाच्या आवांक्याबाहेरचें. अशा स्थितींत हें जुनें धूड घरीं आलें. इतरांना जी हौस असते ती आमची निकड होती, आणि वेळ थोडा होता.

मी पाणीपुरवठ्याच्या खात्यांतला माणूस. शहराच्या नळांतून पाणी कोठें गळतें याचा शोध घेण्यांत माझी सारी नोकरी गेली, आणि त्या नोकरीनें एक गोष्ट पक्की शिकविली: पाणी जेथें टिपकतें तेथून तें आंत शिरलेलें नसतें. गाडीघराच्या बाबतींत तर हें अक्षरशः खरें आहे. छतावरच्या झरोक्याच्या कडेशीं केसाएवढी फट पडते. तेथून थेंब आंत शिरतो, दोन पत्र्यांच्या मधल्या पोकळींत फासळीच्या आधारानें खालीं उतरतो, आणि तळाच्या प्लायवूडच्या कडेला जाऊन मुरतो. ही कड म्हणजे साऱ्या घराचें मर्मस्थान. वरचें पत्र्याचें कवच आणि खालचा पोलादी सांगाडा यांना जोडणारे बोल्ट याच कडेंतून जातात. ती कुजली कीं बोल्ट नुसतेच लोंबत राहतात, आणि बाहेरून चकाकणारें घर आपल्या पायावर बसलेलें नसून केवळ टेंकलेलें असतें.

याहून वाईट तें पुढेंच असतें. पाणी दिसलें कीं मनुष्य त्याचा उगम शोधीत नाहीं. तो डाग झांकतो. आमच्या गाडींत एकावर एक असे तीन गालिचे होते. सर्वांत खालचा भिजून कुजला म्हणून दुसरा, दुसऱ्याला वास येऊं लागला म्हणून तिसरा. भिंतीच्या फुगलेल्या भागावर कोणीं तरी मोठ्या हौसेनें फुलांचा कागद चिकटविला होता. काळानें या घराचें जितकें नुकसान केलें त्याहून अधिक या झांकाझांकीनें केलें होतें. म्हणून जाणते कारागीर कामाचा क्रम असा सांगतात: आधीं गळती, मग सांगाडा, मग तळ, त्यानंतर तारा आणि नळ, आणि रंग व पडदे सर्वांच्या शेवटीं. उत्साही नवशिके बहुधा पडद्यांपासून आरंभ करितात.

गळती शोधण्याची रीत मात्र मला बालपणापासून ठाऊक असलेली निघाली. खिडक्या, झरोके व दार घट्ट बंद करावयाचें, एका भोंकांतून पंख्यानें आंत हवा भरावयाची, आणि बाहेरून सगळ्या सांध्यांवर साबणाचें पाणी फांसावयाचें. जेथें फट असेल तेथें बुडबुडे येतात. सायकलच्या दुकानांत ट्यूब पाण्याच्या घमेल्यांत बुडवून पंक्चर शोधणारा पोऱ्या हेंच शास्त्र जाणत असतो. पहिल्या दिवशीं आम्हीं एकेचाळीस ठिकाणीं खडूच्या खुणा केल्या.

‘आम्हीं’ म्हणण्याचें कारण आमचे शेजारी. वय ऐंशीच्या घरांत. सारी हयात विमानाच्या कारखान्यांत पत्रेकाम करण्यांत गेलेली. खरें रिव्हेट एकट्यानें बसवितां येत नाहीं. एकानें बाहेरून वाऱ्याच्या दाबावर चालणाऱ्या हातोडीनें रिव्हेटच्या डोक्यावर ठोके द्यावयाचे, आणि दुसऱ्यानें आंतून त्याच्या टोंकाशीं लोखंडाचा ठोकळा घट्ट दाबून धरावयाचा. म्हणजे टोंक चेंपून पसरतें आणि दोन्ही पत्रे एकमेकांना कायमचे धरून राहतात. दोघांच्या मध्यें पत्रा असल्यानें एकाला दुसरा दिसत नाहीं. बोलणें आवाजांत बुडून जातें. तेव्हां आंतल्या माणसानें ठोकळ्यानें खूण करावयाची: एक टिचकी म्हणजे झालें, दोन म्हणजे आणखी ठोका. दोन उन्हाळे आम्ही दोघे असे एका पत्र्याच्या दोन बाजूंना उभे राहून बोलत होतों. इतकें कमी बोलून इतकी मैत्री झाल्याचें दुसरें उदाहरण माझ्या आयुष्यांत नाहीं.

परंतु एका बाबतींत आमचा मतभेद झाला, आणि तो टिचक्यांनीं मिटण्यासारखा नव्हता.

दाराच्या उजव्या अंगाला, बाहेरच्या पत्र्यावर, एक फूटभर लांबीची पितळी दांडी बसविलेली होती. ती कारखान्याची नव्हे हें उघडच दिसत होतें. चकचकीत रुपेरी पत्र्यावर ती पिंवळी, ओबडधोबड, गोठ्याच्या दाराला शोभावी अशी दिसे. शिवाय साबणाचें पाणी लावतांच सर्वांत मोठे बुडबुडे आले ते तिच्याच चार बोल्टांभोंवतीं. आंतल्या बाजूला त्याच जागेखालीं तळाचें प्लायवूड इतकें कुजलें होतें कीं हाताचा पंजा त्यांतून सहज आरपार गेला. शेजाऱ्यांनीं क्षणाचाहि विलंब न लावतां निकाल दिला: “हीच अपराधी. ही मूळची नव्हे. काढून टाका. मी वर पत्र्याचें असें ठिगळ लावून देतों कीं येथें कधीं कांहीं होतें हें कोणाला कळणार नाहीं.” ते आपला शब्द अक्षरशः खरा करून दाखविणारे गृहस्थ होते. शिवाय ठिगळ लावणें हें दांडी पुन्हां बसविण्यापेक्षां सोपें होतें, आणि आम्हांला घाई होती.

ठिगळाला जागा करण्यासाठीं आंतला पत्रा सोडविला, आणि आम्ही दोघेहि थांबलों. बाहेरून इतकी बेंगरूळ दिसणारी ती दांडी आंत एका ओकच्या ठोकळ्यांत बसविलेली होती. आणि तो ठोकळा पाहून कोणाहि सुताराला हात जोडावेसे वाटले असते. दोन फासळ्यांच्या मध्यें तो इतका नेमका बसत होता कीं नखाला जागा मिळूं नये. भिंतीचा किंचित् बांक त्याच्या पाठीला तासून दिलेला, चारी कोपरे गोल केलेले, वर व्हार्निशचा थर. पाण्यानें तो काळवंडला होता, पण कुजला नव्हता. ज्यानें हें काम केलें त्याला लांकूड पुरतें कळत होतें. पत्रा आणि पाणी मात्र कळत नव्हतें. आणि जें कोणाच्या दृष्टीस कधींच पडावयाचें नाहीं त्यावर त्यानें सर्वांत अधिक मेहनत घेतली होती.

पत्नीनें ती दांडी हातांत घेतली. “अहो, ही बाईमाणसासाठीं बसवलेली आहे,” ती म्हणाली. कशावरून, म्हणून मीं विचारलें. तिनें मला जागा दाखविली. सहा फूट उंचीच्या शेजाऱ्यांना ती दांडी फार खालीं पडत होती. तिला स्वतःला ती बरोबर कोंपराच्या उंचीवर येत होती. “आणि झिजली आहे ती खालच्या अंगानें. नुसता तोल सांवरायला धरली असती तर वरून झिजली असती. हिला कोणीं तरी लोंबून अंग वर ओढलं आहे, रोज, पुष्कळ वर्षं. पायांत बळ नव्हतं तिच्या. आमच्याकडे दवाखान्यांत भिंतींना अशाच दांड्या असतात, याच उंचीवर.” एवढें बोलून ती स्वतःचा गुडघा धरून पायरीवर बसली. शेजारी कांहीं बोलले नाहींत.

जुनी वस्तु नीट करणें म्हणजे काय, हा वाद नवा नाहीं. फ्रान्सांत व्हिओले-ल्-द्युक (१८१४–१८७९) या वास्तुशास्त्रज्ञाचें मत असें कीं जीर्ण इमारतीला पूर्णत्व द्यावें, मग तें पूर्णत्व पूर्वीं कोणत्याहि काळीं प्रत्यक्षांत नसलें तरी चालेल. इंग्लंडांत रस्किननें १८४९ त याच्या अगदीं उलट पवित्रा घेतला: गेलेलें परत आणतां येत नाहीं, आणि आणल्याचा आव हा असत्याचा प्रकार होय. त्याचाच धागा पकडून विल्यम मॉरिसनें १८७७ त जुन्या वास्तूंचें त्यांच्या सुधारकांपासून रक्षण करणारी संस्था स्थापिली. आपल्याकडे ‘जीर्णोद्धार’ हा शब्द या दोहोंहून निराळ्या वाटेनें जातो. अहल्याबाई होळकरांनीं काशीविश्वेश्वराचें मंदिर १७८० त उभें केलें तें पूर्वींच्या मंदिराची हुबेहूब प्रतिकृति म्हणून नव्हे. दगड नवे, शिखर नवें. परंतु तेथें येणाऱ्या यात्रेकरूचा हात जेथें टेंकतो ती जागा कायम राहावी, एवढाच तिचा आग्रह. आपल्याकडे उद्धार व्हावयाचा तो उपयोगाचा, दगड त्याच्यासाठीं.

मला वाटतें, शेजाऱ्यांच्या ‘मूळची’ या शब्दांत खरी अडचण होती. मूळ म्हणजे कोणत्या दिवसाचें? ज्या दिवशीं हें गाडीघर कारखान्याबाहेर पडलें त्या दिवशीं तें निर्दोष होतें, यांत शंका नाहीं. पण त्या दिवशीं तें घर नव्हतें. त्यांत अजून कोणी निजलें नव्हतें, कोणीं चहा केला नव्हता, कोणाचे पाय दुखूं लागले नव्हते. ज्या दिवशीं एका माणसानें आपल्या बायकोसाठीं किंवा आईसाठीं निर्दोष पत्र्याला चार भोंकें पाडण्याचा निश्चय केला, त्या दिवशीं तें घर झालें. आणि त्याच चार भोंकांतून पाणी शिरून तें कुजूंहि लागलें, हेंहि तितकेंच खरें. माया आणि हानि एकाच बोल्टानें आंत गेलीं होतीं. दुरुस्ती करणाराचें काम या दोघींना वेगळें करणें हें होतें. एकीला घालविण्यासाठीं दुसरीलाहि फेंकून देणें हें सोपें होतें, पण ती दुरुस्ती झाली नसती.

याचा अर्थ जुनें म्हणून सगळेंच आम्हीं राखलें असा नव्हे. तिन्ही गालिचे गेले. उंदरांनीं पोखरलेला काचेच्या लोकरीचा थर गेला. तडकलेल्या विजेच्या तारा व गॅसची नळी यांना मीं हातहि लावूं दिला नाहीं. ‘जुनें तें सोनें’ ही म्हण गॅसच्या नळीला लावूं नये. आंसाची गोष्ट तर विलक्षण होती. त्यांत धक्के सोसण्यासाठीं रबराच्या कांड्या असतात. गाडी चालत राहिली तर त्या लवचीक राहतात. एका जागीं उभी राहिली कीं दगड होतात. वीस वर्षांच्या विश्रांतीनें जें झालें तें वीस वर्षांच्या प्रवासानें झालें नसतें. सबंध आंसच नवा घालावा लागला. पत्रा घांसतांनाहि फार जपावें लागलें. मिश्रधातूच्या पत्र्यावर शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो आणि सारी चकाकी त्याचीच असते. ओरखडे घालविण्याच्या नादांत तो थर घांसून काढला तर चकाकी परत येत नाहीं. म्हणून कांहीं ओरखडे आम्हीं तसेच राहूं दिले.

दांडीचें काम मात्र सर्वांत सावकाश केलें. ठोकळा उन्हांत तीन आठवडे वाळविला. कुजलेला तळ कापून तेथें जहाजाच्या कामाचें प्लायवूड बसविलें, आणि त्याच्या कडांना इपॉक्सी राळ पाजली. भोंकें साफ केलीं, दांडीच्या बैठकीखालीं रबराच्या चकत्या घातल्या, सांध्यांत न वाळणारा चिकट मसाला भरला. मग शेजाऱ्यांनीं स्वतः हवेचा पंखा लाविला आणि साबणाचें पाणी फांसलें. एकहि बुडबुडा आला नाहीं. “मूळची नव्हेच ती,” ते म्हणाले, “पण आतां गळत नाहीं.” त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मीं कधीं ऐकली नाहीं.

हिशेबी माणसानें विचारावें कीं या सगळ्याला खर्च किती आला. जेवढ्याला तें घेतलें त्याच्या सातपट. आणि उद्यां विकायला काढलें तर त्यांतला निम्माहि परत येणार नाहीं. पण पहिल्या मुक्कामाला ईरी सरोवराच्या काठीं रात्रभर पाऊस कोसळला, अ‍ॅल्युमिनियमच्या छतावर कोंकणांतल्या पत्र्याच्या पडवीसारखा ताशा वाजत राहिला, आणि पहाटे पत्नीनें अंथरुणांतूनच हात लांबवून दाराजवळच्या तळाची कड चांचपून पाहिली. ती कोरडी होती. त्या एका क्षणाला विम्याच्या कोणत्या रकान्यांत घालावें हें मला अजून उमगलेलें नाहीं.

त्यानंतर आम्ही मिशिगनच्या उत्तर टोंकापर्यंत जाऊन आलों. या वर्षीं तिचे गुडघे अधिक दुखतात. चढायला बाहेरची दांडी पुरते, पण उतरतांना आंतून धरायला कांहीं नाहीं. म्हणून गेल्या महिन्यांत दाराच्या आंतल्या अंगाला, तिच्या कोंपराच्या उंचीवर, आम्हीं दुसरी दांडी बसविली. भिंतींतला ओकचा ठोकळा मीं तासला. पहिल्याइतका तो नेमका झाला नाहीं, पण बळकट आहे. चार नवीं भोंकें शेजाऱ्यांनीं पाडलीं. हीहि मूळची नव्हे, असें ते पुटपुटत होते, आणि प्रत्येक भोंकांत मसाला भरला आहे कीं नाहीं हें दोनदां वांकून पाहत होते.